डब्यात काय होतं?

गल्लीत कुणाकडे लॅपटॉप आला की पेढे वाटायच्या आत देशकरकाका हजर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस यंत्राची किंमत विचारायचा नाही. चष्म्याच्या घरातून काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर काढायचा आणि म्हणायचा, "यातलं तुह्या लॅपटॉपात घे. अन् चार्जर काढून ठेव. चार्जर लावला का कानात भुंगा गुणगुणते."

आमच्या बालाघाट शहरात तेव्हा लॅपटॉप मोजकेच, आणि ते सगळे काकांनी ऐकलेले. एका बँकवाल्या साहेबांना तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुमचा नाकात बोलते."

माझा लॅपटॉप आला तेव्हा मीही तावडीत सापडलो. इअरफोन एकच; आधी प्लेअरला, मग लॅपटॉपला. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग. पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, मग खिरापत ओळखायला कुणीतरी खाऊचा बंद डबा वाजवतं. खडखड, खडखड. आणि तिथेच कॅसेट संपते.

"काय आहे डब्यात?" काकांनी विचारलं.

"शेंगदाणे."

"मले प्लेअरवर फुटाणे वाटते, लॅपटॉपवर खोबरं. यातलं खरं कोण बोलते?"

मलाही चेव आला. तासभर आम्ही आवाज कमीजास्त करत तो डबा ऐकला. शेवटी मी वैतागलो. "पण वाजवतंय कोण?"

"नंदी. माही पोरगी."

"मग तिलाच विचारा ना!"

काका इअरफोनची वायर गुंडाळू लागले. नंदाने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हे ठाऊक असून मी बोलून गेलो. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"एवढ्यासाठी फोन करू काय?" गुंडाळलेली वायर पुन्हा सोडत ते म्हणाले.

"एवढ्यासाठीच करा." मी मोबाईल पुढे केला. नंबर त्यांना पाठ होता.

"नंदे, मी बोलून राह्यलो. त्या भुलाबाईच्या डब्यात काय होतं वं?"

पलीकडे नुसती खरखर. मग रडवेला आवाज, मलाही ऐकू येईल इतका मोठा. "बत्तासे, बाबा. तुमीच आणले होते. तुमाले ओळखू येऊ नये म्हणून मी त्यात चिंचोके टाकले होते."

लाइन मधूनमधून तुटत होती, शब्द अर्धे गळत होते. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"बोल नंदे, बोल," ते म्हणाले. "आवाज एकदम साफ येऊन राह्यला."