बापाचं मूळ

आमच्या गल्लीत गुंडाला गंधर्व म्हणणारा एकच माणूस आहे. रस्त्यात गाड्या आडव्या लावून बसणाऱ्या पोरांना अप्पा म्हणतात, "बाजूला व्हा, गंधर्वहो," आणि पोरं खूश होऊन खरंच बाजूला होतात. कोरियन भाषेत उनाड माणसाला 'गॉन्दाल' म्हणतात आणि तो शब्द आपल्या गंधर्वापासून निघाला, हे त्या पोरांना कोण सांगणार?

अप्पा म्हणजे वसमतच्या शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे मास्तर आणि माझे शेजारी. सत्तरीत त्यांनी मोबाईलवरून कोरियन शिकायला घेतली आणि मी कोरियन मालिका बघते, एवढ्याशा गुन्ह्यासाठी मला विद्यार्थिनी करून टाकलं. दुसरी कुणी आलीच नाही.

"मूळ काढा वहिनी, मूळ," हे त्यांचं पालुपद. "हळदीची पानं कापून काय हाती लागते? खणावं लागते." मग आम्ही खणायचो. नरकाचा झाला 'नाराक', असुराचा 'आसुरा'. सहा महिन्यांत मला कोरियनमध्ये नरक, निर्वाण आणि असुर म्हणता यायला लागलं. पाणी मागता येत नव्हतं.

एकदा धीर करून मी म्हटलं, "अप्पा, मालिकेत सारखं बाप, बाप म्हणतात. बाप म्हणजे तिकडं जेवण."

"त्याचं मूळ?"

"ते न्हाई माहीत."

"मंग राहू द्या. बिनमुळाचा शब्द ध्यानात राहत न्हाई."

मास्तरांशी वाद कोण घालणार? आज वाटतं, घालायला हवा होता.

एका शब्दापाशी मात्र ते रेंगाळायचे. 'मिआन', म्हणजे माफ कर. "'मि' म्हणजे अजून न्हाई. 'आन' म्हणजे शांतता. ज्याच्या जिवाला अजून शांतता न्हाई, तो माफी मागून राहिला. बराबर?" मला तो शब्द दहादा म्हणायला लावायचे आणि स्वतः त्याहून जास्त वेळा म्हणायचे.

कुणासाठी, ते मला ठाऊक होतं. त्यांची लेक केतकी नोकरीसाठी कोरियाला गेली आणि तिकडच्याच मुलाशी लग्न करून बसली. सात वर्षांपूर्वी ती नवऱ्याला घेऊन भेटायला आली, तेव्हा अप्पांनी पुस्तकातून मान वर केली नाही. दोघं आल्या पावली दुपारच्या एसटीनं परत गेली. मी खिडकीतून बघत होते. मीही हाक मारली नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

"मराठीत माझी जीभ वळत न्हाई," अप्पा म्हणाले होते. "कोरियनमधी म्हणेन."

म्हणून गेल्या रविवारी मीच केतकीला व्हिडिओ कॉल लावून दिला. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पडद्यावर आधी आली ती सहा वर्षांची नात. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "हाराबॉजी, बाप मॉगॉस्सॉयो?"

हाराबॉजी म्हणजे आजोबा, एवढं त्यांना कळलं. पुढचा 'बाप' ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"व्हय," ते पुटपुटले. "बाप. मीच तो."

मागून केतकीचा आवाज आला, सात वर्षांनी, मराठीत. "अप्पा, ती विचारून राहिली, जेवलात का. इकडं माणूस भेटलं की पहिलं हेच विचारतात."

अप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं, ते आता 'मिआन' म्हणतील.

"जेवलो," ते म्हणाले. एवढंच. थोड्या वेळानं कॉल संपला.

"पुढच्या रविवारी म्हणा," मी म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं. मोबाईलमध्ये डोकं घालून ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"वहिनी, बापाचं मूळ सापडून न्हाई राहिलं."

"नसेल काही मूळ."

"त्या दिवशी माझी लेक उपाशी गेली," अप्पा म्हणाले. "जेवून जा म्हणायला मला कोणतं मूळ लागत होतं?"