वॉशिंग मशीनची तीट

आमच्या समोरच्या घरातल्या वॉशिंग मशीनला रोज सकाळी काजळाची तीट लागते. मशीनपाठोपाठ फ्रिजला, मग कूलरला, मग टीव्हीच्या उजव्या कोपऱ्याला. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ, पितळी डबीत भरलेलं. डबी कायम कमरेला खोचलेली. शेवंताआजींचं वय अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव पैठणकडचं, आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मजल्यावर त्यांचं एकटीचंच राज्य.

मागं एकदा मशीन दुरुस्त करायला माणूस आला होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, काळा डाग पडलाय. त्यानं तो फडक्यानं घासून लख्ख केला आणि शाबासकीच्या आशेनं उभा राहिला. आजींनी त्याला चहा दिला. चहा संपायच्या आत नवी तीट लावून झाली होती.

तीट सगळ्यांनाच मिळते असं नाही हं. लेकरांनी दिलेल्या वस्तूंनाच तो मान. मिक्सर आजींनी स्वतः घेतलाय, तो कोरडाच. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला कुणाची नजर लागती? जळाला तर जळाला."

आणि ती नजर दुसऱ्या कुणाची नाही, त्यांची स्वतःचीच. मायची नजर सगळ्यात आधी लागते, हे आजींचं ठाम मत. म्हणजे कौतुक केलं की तीट लावायची. आणि कौतुक तर त्या दिवसभर करतात. मी अकरा वर्षं त्यांच्यासोबत भाजी निवडतेय, मला त्यांचा दिलीप माझ्या सख्ख्या भावापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझं लेकरू लई गुणाचं, बाप गेल्यापासून एक दिवस त्याचा फोन चुकला नाय, मला गार पाण्यात हात घालू देत नाय. नात अनु तर काय, नक्षत्रच. एवढं बोलून झालं की दोनदा "थू थू", आणि उठून तीट लावायला.

फोनवर मात्र वेगळीच बाई बोलते. पुण्याहून दिलीपचा व्हिडिओ कॉल आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "किती रे वाळलास, तोंड बघ कसं झालंय." मशीन कसं चाललंय? तर लई हादरतंय, घर पडंल एक दिवस. कूलर? पाणीच लई पितो. कॉल संपता संपता त्या मोबाईलच्या काचेवरच त्याच्या गालाला तीट लावतात. ती तिथंच राहते, त्यामुळं पुढं नळवाल्याचा जरी व्हिडिओ कॉल आला तरी त्याला तीट लागलेली असते.

या सगळ्याला मी इतकी वर्षं हसत होते. पण मागच्या महिन्यात दिलीप आला, एकटाच. आजी आंघोळीला गेल्या होत्या म्हणून माझ्याकडं चहाला बसला. बावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर केस नाहीत, कप हातात धरून बोलायला लागला. अनुनं नोकरी लागल्यावर पहिली साडी आजीसाठी घेतली होती. साडी बघून आजी म्हणाली, रंग उडंल हिचा. पोरगी रात्रभर रडली. दिलीप म्हणाला, "ताई, आम्ही केलेलं आईला कधी आवडलंच नाही. आता अनु म्हणते, यंदा दिवाळीला इकडं यायचंच नाही. मलापण वाटतं, कशाला उगीच पोरीला त्रास."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दोघांचाही राग आला आणि स्वतःचा जास्त, कारण सगळं ऐकून ठेवणारी मी आणि कधी एका शब्दानं त्याला सांगितलं नाही. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याला दंडाला धरून समोरच्या घरात नेलं.

आजी केस पुसत होत्या. मी सरळ विचारलं की माझ्यापाशी याचे एवढे गोडवे गाता, मग याच्या तोंडावर का नाही बोलत?

आजी खाली बसल्या. टॉवेलाची घडी घातली. मग खालच्या आवाजात सांगितलं. "थोरल्याला म्हणले होते मी. मांडीवर घेऊन म्हणले, काय देखणं हाय माझं बाळ. तीट लावायची राहिली. चौथ्या दिवशी गेलं."

आपल्या आधी एक भाऊ होऊन गेला, एवढंच दिलीपला माहीत होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. पन्नासच्या वर वर्षं ही बाई जिभेवर आलेलं गिळत होती आणि आम्ही तिला किरकिरी म्हातारी समजत होतो.

शेवटी मीच म्हणाले, "आजी, या मशीनचं तुम्ही सहा वर्षं कौतुक करताय. झालं का त्याला काही? तीट लावता म्हणूनच ना? मग यालाही लावा आणि बोला की."

आजींनी मशीनकडं पाहिलं. मग दिलीपकडं. विचार त्यांना पटलेला दिसला. कमरेची डबी काढली, आणि दिलीप त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसला. त्यांनी बोटानं त्याच्या डाव्या गालावर चांगली ठसठशीत तीट लावली, नीट बसली का बघून घेतलं, आणि मग बोलल्या.

"लई केलंस रे माझ्यासाठी. मला कधी एकटं वाटू दिलं नाय. अनुची साडी मी रोज काढून हात फिरवून ठेवती, नेसायला जीव होत नाय. तुम्ही माझ्या पोटी आलात, अजून काय पाहिजे मला."

आणि एकदम थांबून डबीचं झाकण लावायला लागल्या. म्हणाल्या, "बास. एका तिटीत एवढंच बसतंय."

दिलीपनं चष्मा काढून हातात घेतला, आणि दुसरा गाल पुढं केला.