खोळंब्याची पुनर्स्थापना

औषधाचा गुण औषधात नसतो. तो औषधाआधी बाकावर बसून पायाला आलेल्या मुंग्यांत असतो. हे कुठल्याच वैद्यकीय ग्रंथात लिहिलेलं नसल्यामुळे आपल्या डॉक्टरांना ते साथ येईपर्यंत कळलं नाही.

साथ आली, दवाखान्याला कुलूप लागलं आणि डॉक्टर घरून मोबाइलवर रुग्ण तपासू लागले. पहिल्या रिंगला फोन उचलत, आपुलकीने विचारपूस करत, जीभ बघत (समोर बहुधा नाकपुडी येई, तीही मन लावून बघत). हळूहळू फोन निम्म्यावर आले. मधुमेहवाल्या आजोबांनी तर गोळ्याच सोडल्या. त्यांची साखर चढत चाललेली पाहून डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आजोबा, गोळ्या का सोडल्यात?"

"राग मानू नका, पण तुम्ही लगेच फोन उचलता. म्हटलं, यांच्याकडे हल्ली कुणी फिरकत नाही वाटतं."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाईंना मात्र मुळीच नवल वाटलं नाही. "फोन माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुधारित कार्यपद्धती अमलात आली. बाई घरून फोन उचलत आणि "डॉक्टर आत आहेत, बसा" असं सांगत (रुग्ण स्वतःच्याच घरात असे, तरी बसे). मग पंख्याची कुरकुर, जुन्या मासिकाची पानं आणि खोकला, कोरडा व ओला, दोन्ही बाईंचेच. गंभीर रुग्णांसाठी खास सोय होती: "मला फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणत मध्येच घुसणारा गृहस्थ. हे काम बाईंच्या यजमानांकडे होतं. त्यांच्याशी भांडून कित्येकांची मरगळ गेली.

आजोबांना सकाळभर ताटकळत ठेवलं. त्याच दुपारी त्यांनी गोळ्या सुरू केल्या. "काय गर्दी असते हो," असं ते शेजाऱ्यांना अभिमानाने सांगू लागले. त्यांची साखर उतरली. डॉक्टर खोलीत एकटे शब्दकोडी सोडवत राहिले.

पुढे डॉक्टरांनाच ताप आला. त्यांनी एका नामांकित डॉक्टरमित्राला फोन लावला.

"बोल रे, काय होतंय?" पहिल्याच रिंगला आवाज आला.

डॉक्टरांनी गुपचूप फोन ठेवला आणि बाईंना लावला. "बाई, याचं काही खरं दिसत नाही. जरा कामात असलेला कुणी बघा."

तुम्ही हसताय ते ठीकच. पण मागे कधी एखादा रिकामा दवाखाना दिसला होता, तेव्हा तुम्ही आत शिरलात, की पुढच्या चौकातल्या गर्दीत जाऊन नंबर लावलात?