भाता ठेवावा की उतरवावा

धनुर्विद्या ही एकाग्रतेची विद्या आहे, आणि एकाग्र व्हायला माणसाला समोर लक्ष्य नसलं तरी चालतं, पण विरोधक लागतो. कळंब्याच्या तळ्यापलीकडच्या माळावर 'रानवीर धनुर्धर मंडळा'नं हे सिद्ध करून दाखवलं. मंडळ काढलं दोघांनी. एक बाळासो चौगले. त्यांचा म्हशींचा गोठा मोठा आणि आवाज त्याहून मोठा. दुसरे सोमलिंग शेटे, गुळाचे व्यापारी, बोलणं थोडं पण ढेपेसारखं जड. सोमलिंगांच्या बायकोला, अक्काताईंना, सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या भाऊबीजेला बाळासोंना ओवाळत आल्या. त्यामुळे बाळासोंना दाजी मिळाले, सोमलिंगांना मेहुणा मिळाला, आणि पुढं दोघांना मिळून हा छंद लागला.

शिकारीला कायद्यानं बंदी असल्यामुळे मंडळाची सगळी जनावरं फोमची होती. एक रानडुक्कर, एक सांबर आणि एक तिसरं. (ते अस्वल आहे की रेडकू, हा विषय कार्यकारिणीपुढे प्रलंबित आहे.) ही जनावरं पळत नाहीत, लपत नाहीत, तरीही मंडळाच्या स्थापनेपासून त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. वन्यजीवांचं इतकं मनापासून रक्षण जिल्ह्यात दुसरीकडे क्वचितच होत असेल.

वाद निघाला भात्यावरून. पूर्वी बाणांचा भाता पाठीवर असे. आताच्या धनुष्याला तो बाजूलाच अडकवता येतो, आणि खटका दाबला की निघतो. हा निघतो, हेच वाईट झालं. निघत नसता तर कुणी काढला नसता. बाळासोंचं म्हणणं, नेम धरताना भाता धनुष्यालाच पाहिजे. "पयला बाण चुकला तर दुसरा काय घरनं आणणार हाईसा?" सोमलिंगांचं म्हणणं, भात्यानं धनुष्य एका अंगाला कलतं, त्याला वारं लागतं आणि बाण सुटताना ते खडखडतं. "खडखड आयकून डुक्कर सावध हुतंय," ते म्हणाले. फोमच्या डुकराबद्दल हे बोलणं चाललंय, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मंडळानं लगोलग अभ्यास उपसमिती नेमली. समितीनं दोन्ही पद्धती तपासून निष्कर्ष काढला, की भाता ठेवणारे आणि भाता काढणारे सारख्याच प्रमाणात चुकतात. फक्त भातेवाल्यांचे बाण डावीकडे जातात आणि बिनभातेवाल्यांचे उजवीकडे. हा अहवाल दोन्ही बाजूंनी आपला विजय म्हणून जाहीर केला. मंडळात दोन तट पडले. दोन थर्मास आले. मिसळ खायची दुकानंही वेगळी झाली. सयाजी नावाच्या सभासदानं "ज्याला जसं जमंल तसं करावं की" असं सुचवलं. त्याला दोन्ही तटांनी एकमतानं काढून टाकलं. (त्या वर्षातला हा एकमेव एकमताचा ठराव.)

अशात सोमलिंगांच्या शिवांजलीचं लग्न ठरलं. बोहल्यावर तिच्यामागं मामा म्हणून बाळासोच उभे राहणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पण बाळासोंनी निरोप धाडला, दाजींनी आधी चारचौघांत भात्याचं मान्य करावं. सोमलिंगांनी उलट निरोप धाडला, भात्याचं मत मांडवाबाहेर ठेवून खुशाल यावं.

"मत काय चप्पल हाय व्हय, भाईर काढून ठेवाय?" बाळासो घरात गरजले.

"चप्पल निदान कामाला तरी येती," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या आणि म्हशीला पेंड घालायला गेल्या.

बाळासोंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पुरावा गोळा करायला एकटेच माळावर गेले. भाता लावून बाण मारला, डावीकडे गेला. दुसरा मारला, तोही गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी खटका दाबला, भाता गवतात ठेवला आणि बाण सोडला. तो डुकराच्या बरगडीत घुसला. डुकराला झाली नसेल एवढी जखम बाळासोंना झाली. ते तसेच उभे असताना पलीकडून थप्प असा आवाज आला. तिसऱ्या जनावराच्या पाठीत बाण रुतला होता आणि थोड्या अंतरावर सोमलिंग उभे होते. त्यांच्या धनुष्याला भाता होता.

"दाजी, लावलायसा," बाळासो म्हणाले.

"व्हय. आणि तू काढलायस."

"जरा हलकं वाटतंय काढल्यावर."

"मला लावल्यावर भरीव वाटतंय. हात थरथरत न्हाय."

दोघं सांबराला टेकून बसले. सोमलिंगांनी पोरीच्या साडीचा रंग सांगितला. बाळासोंचे डोळे भरून आले, कारण या पोरीला पहिल्यांदा जोतिबाला त्यांनीच खांद्यावरून नेलं होतं. कुठल्याही साध्या भांडणाचा शेवट इथं झाला असता.

"मग आता सगळ्यास्नी सांगूया, काढायचाच म्हणून," बाळासो उठता उठता म्हणाले.

"काढायचा कशाला? लावून तर लागलाय आत्ता."

त्या दिवसापासून बाळासो बिनभातेवाल्यांचे पुढारी झाले आणि सोमलिंग भातेवाल्यांचे. दोन्हीकडची माणसं आपापल्या पुढाऱ्याबरोबर निष्ठेनं पलीकडे गेली. "दोघंबी फिरलासा, मग भांडान कशाचं ऱ्हायलं?" शालूबाईंनी विचारलं. "तत्त्वाचं," बाळासो म्हणाले.

शेवटी शिवांजलीच आली. चहाही घेतला नाही. "मामा, तुमी लावा न्हाईतर काढा. माझ्यामागं त्या दिवशी कोण उभारणार, एवढंच सांगा."

बाळासोंकडे भात्यावर दीड तास बोलता येईल एवढा मसाला होता. ह्या प्रश्नाला त्यातलं एक अक्षर लागू पडेना. ते खाली बघत म्हणाले, "मीच की. दुसरं कोण हाय?"

आणि ते उभे राहिले. फेटा बांधून, दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर ठेवून, नाक ओढत उभे राहिले. अक्काताईंनी पदर डोळ्यांना लावला. मंगलाष्टका चालू असताना सोमलिंग शेजारी येऊन हळूच म्हणाले, "बाळासो, वाऱ्याचं मी म्हणत हुतो ते चूकच हुतं."

"न्हाय दाजी, ते बरुबरच हुतं," बाळासो म्हणाले. अक्षता पडेपर्यंत दोघं पुन्हा तावातावानं कुजबुजत होते.

आता त्या एकाच माळावर दोन मंडळं आहेत आणि दोन्हीकडे सभासदभरती चालू आहे. धनुष्य असायलाच हवं असं नाही, नेमाची तर अटच नाही. ठाम मत तेवढं लागतं. आपण धनुष्य कधी हातात धरलेलं नसणार. तरीही हे वाचता वाचता आपला कौल कुठल्या बाजूला पडला, तेवढं कळवावं. आपल्यासारख्याच माणसांची दोन्हीकडे गरज आहे.