हात कोनी काढाचा नाही

आमच्या आत्याबाई पत्ते वाटण्याआधी घरातल्या बायकांच्या बांगड्या तपासत. पोलीसपाटलानं जत्रेत काठ्या तपासाव्यात, तशा. मग हुकूम सुटे, "आधी बांगड्या वर, मंग पत्ते." बांगड्या कोपराकडं सरकवायच्या, त्यांच्यावर जुन्या धोतराची चिंधी बांधायची आणि हात पुढं करून दाखवायचा. गाठ आम्ही एकमेकींची बांधत असू. आत्याबाई लांबूनच नजर टाकत आणि नापसंत पडली तर म्हणत, "हे काय गाठ हाय? म्हसरू त सुटून जाईन."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किन्हीराजाला, सासरी येऊन मला आठवडाही झाला नव्हता. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिसरी झाली, वडील गेले, शाळा सुटली. चुलत्यांनी ह्या वऱ्हाडातल्या घरी नुसत्या नारळावर लग्न लावून दिलं. एवढ्या लांबच्या लोकांनी काही न मागता आपल्याला पदरात घेतलं, या विचारानं मी इथं पाऊलसुद्धा जपून टाकत होते. बोली कळायची नाही, म्हणून सगळ्याला 'हो' म्हणायची. त्यात आमच्या माहेरी पत्ता म्हणजे दारूच्या शेजारचं घर. आणि इथं भरदुपारी, कापसानं भरलेल्या खोलीत, केशवपन केलेली, लाल आलवणातली बाई मांडी ठोकून पत्ते पिसत बसलेली. मला तर दारातच घाम फुटला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, धाकटी बहीण, भागीरथी. लहानपणीच विधवा होऊन भावाकडं परत आलेल्या. सासूबाई हयात नव्हत्या, त्यामुळं चूल आत्याबाईंच्या ताब्यात. स्वयंपाक कडक सोवळ्यात. त्या घरातून चालू लागल्या की पोरासोरांपासून मोठ्यांपर्यंत सगळे अंग चोरून भिंतीला लागत. पुढं पुढं त्या सोवळ्यात असोत नसोत, भिंतीला लागायची सवयच झाली होती. फक्त दुपारी, जेवणं उरकल्यावर, त्या खेळायला बसत. खेळ संपला की थेट विहिरीवर, पुन्हा डोक्यावरून आंघोळ, मग चूल. हिवाळ्यात दात वाजायचे, पण आंघोळीपायी त्यांनी खेळ चुकवला असं कधी झालं नाही.

खेळाचं नाव 'थाप'. पत्ते कुठल्याशा लग्नात वऱ्हाडी मंडळी विसरून गेलेली. बदामाचा गुलाम हरवलेला, म्हणून आत्याबाईंनी त्याच मापाच्या पुठ्ठ्यावर काजळानं एक मिशीवाला काढला होता. तो गुलामापेक्षा मामंजींसारखाच जास्त दिसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे.

सारे पत्ते उपडे वाटायचे. आपला पत्ता आपण आधी पाहायचा नाही. बाहेरच्या बाजूनं उलटून मधल्या पाटावर टाकायचा, एकीमागून एक, दम न घेता. राजा पडला की मुजरा. राणी पडली की पदर डोक्यावर, आधीच असला तर आणखी पुढं. गुलाम पडला की त्याच्यावर थाप. हातावर हात पडत जातात. जिचा सगळ्यात वर ती हरली, आणि जिचा सगळ्यात खाली ती दंड सांगणार. गडबडीत राणीला मुजरा ठोकला तरी दंडच.

सगळ्यात खालचा हात नेहमी आत्याबाईंचा. काजळाच्या मिशीचं टोक दिसायच्या आत तो पाटावर असे.

माझा पहिला दंड मी जन्मात विसरायची नाही. गोठ्यात जाऊन थोरल्या बैलाला पाया पडून विचारायचं, "भावजी, जेवण झालं का?" मी थट्टा समजून हसले. कोणीच हसलं नाही. गेले. बैलापुढं पदर सावरून वाकले, विचारलं, आणि वळते तो मागं सालदार वैरण घेऊन उभा. तो गडी जरासुद्धा न हलता म्हणाला, "झालं म्हंतात, बाई." त्या रात्री मी माहेरी पळून जायचा विचार केला. पण रस्ता ठाऊक नव्हता.

थोरल्या जाऊबाई, लक्ष्मीबाई, अंगानं भारी आणि हातानं सावकाश. त्यांना आठवड्यातून दोनदा तरी तुळशीला लंगडी घालत फेरे घ्यावे लागत. नणंद यमू हरली की मुद्दाम हरल्यासारखी हसायची, म्हणून तिला न हसण्याचाच दंड.

दंडापेक्षा अवघड होता तो पंचनामा. थाप पडली, हातांची उतरंड झाली, वर कोणाचा हात आहे ते आंधळ्यालाही दिसावं. तरी आत्याबाई म्हणायच्या, "हात कोनी काढाचा नाही. पंचनामा बाकी हाय." मग त्या वाकून एकेक हात निरखत. हा कोणाचा, तो कोणाचा, ह्याची नखं कापली का नाही, त्याला मेंदी कधी लागली. आम्ही वाकून वाकून मोडायला यायचो.

"आत्याबाई, हात गेला ना माहा," जाऊबाई कण्हत.

"जाऊ दे. दुसरा हाय ना तुले."

मामंजी ओसरीवरचा माणूस. आवाज एवढा की आतली भांडी स्वतःहून गप्प बसावीत. त्यांनी खेळाला एकाच अटीवर परवानगी दिली होती. सवाष्णीची एक बांगडी फुटली की पत्ते चुलीत. विधवेच्या खेळात सवाष्णीची बांगडी फुटली असं गावानं म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आत्याबाईंनी ते मान्य केलं होतं, म्हणून तर त्या चिंध्या. चातुर्मासात खेळ बंद असे, तेव्हा त्या दुपारभर भिंतीकडं तोंड करून वाती वळत आणि कोणाशी अक्षर बोलत नसत. पत्ते जळाले तर बारा महिने चातुर्मास, हे मलाही कळत होतं. आणि घरात सगळ्यात घट्ट चुडा माझा होता. साताऱ्याच्या कासारानं भरलेला, कोपरापर्यंत जायलाच तयार नसे.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्या वाशीमला निघायच्या होत्या. खोली आढ्यापर्यंत पांढरी. मिशीवाला गुलाम पडला. बैलाच्या भीतीनं त्या दिवशी माझा हात कसा कोण जाणे दुसरा पोचला. पण गाठ सुटली, चुडा खाली घसरला आणि वरून जाऊबाईंचा हात आदळला.

खळ्ळकन आवाज झाला. मला काही लागलं नव्हतं. काच खाली, आत्याबाईंच्या हातात शिरली होती. नव्या नवरीची हिरवी बांगडी फुटली होती. आत्याबाईंनी आमच्या हातांखालून आपला हात हळूच काढून घेतला. पंचनामा न करता त्यांनी हात काढल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"कोनी बोलू नका," त्या म्हणाल्या आणि हात शेजारच्या कापसात खुपसला.

तेवढ्यात मामंजी दारात. कापूस पाहायला आले होते.

"काय करून राह्यल्या?"

"काही नाही, दादा. वाती."

मामंजी कापसाकडं पाहत होते. आत्याबाईंच्या मनगटाभोवती पांढऱ्यात एक लाल ठिपका उमटला, मग तो पसरू लागला. मामंजींनी माझ्या मनगटाकडं पाहिलं. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी "गाठ माझीच सैल होती" एवढं कसंबसं म्हणाले आणि पुढं रडूच आलं.

मामंजींनी खाली वाकून सारे पत्ते गोळा केले. यमूनं डोळे मिटून घेतले. चूल अजून विझलेली नव्हती.

पण ते चुलीकडं गेले नाहीत. पत्ते पाटावर ठेवून ते बहिणीसमोर उकिडवे बसले.

"हात दाव."

"शिवू नका, दादा. तुमची सांजची पूजा राह्यली."

मामंजींनी कापसातून तिचा हात ओढून घेतला, स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि काच काढू लागले. मोठ्या बोटांना ती सापडेना. आत्याबाई ओरडल्या नाहीत, हलल्या नाहीत. काच निघाली तरी मामंजी हात तसाच धरून होते.

"सासरहून आनली तुले, तवा गाडीत धरला होता मी हा हात," ते म्हणाले. "एवढूसा होता, भागे."

आत्याबाई भिंतीकडं पाहत राहिल्या. मामंजींनी जखमेवर कापूस दाबला, माझ्या चुड्यावरची सुटलेली चिंधी उचलली आणि गाठ मारली. म्हसरू सुटणार नाही अशी.

मग त्यांनी पत्ते पिसले. मला वाटलं, माझ्याच डोक्यात काही बिघडलं. आम्ही सुना पदर ओढून मागं सरकलो. त्यांनी दोनच वाटे केले, एक बहिणीपुढं, एक स्वतःपुढं. यमूनं त्यांना नियम सांगितले. राजा पडला, मामंजींनी मुजरा केला. राणी पडली, त्यांना पदर नव्हता, त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं. जाऊबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

मग काजळाच्या मिशा पडल्या. आत्याबाईंचा चांगला हात खाली, आणि बऱ्याच वेळानं, जपून, त्याच्यावर मामंजींचा. दोनच हात होते. वर कोणाचा, यात शंका नव्हती.

आत्याबाई वाकल्या. "हात काढाचा नाही, दादा," त्या म्हणाल्या. "पंचनामा बाकी हाय."

त्या निरखत राहिल्या. मामंजींचे गुडघे कुरकुरले, ते हलले नाहीत. बाहेरून सालदारानं हाक दिली, गाड्या भरायला घ्यायच्या का म्हणून.

"थांब ना लेका," मामंजी तिथूनच म्हणाले. "पंचनामा चालू हाय."