पेटी चालू, काटा बंद

दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांना नंबर देणारी कॉम्प्युटरची एक लहानशी पेटी होती. लाइन गेली की ती सगळं विसरायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत लाइन दिवसातून चारदा जायची. कापसाची गाडी घेऊन तीन दिवसांपासून ताटकळलेल्या नानाजींचा नंबर दोनदा असाच बुडाला होता. असल्या पेटीला कॉम्प्युटर म्हणणाऱ्यांची कमाल आहे.

नानाजी उठले आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या जमीरकडे गेले. जमीर ऐकूनच तापला. "बारा व्होल्टच्या डब्यापायी लोकाईले तीन तीन दिवस उभं ठेवून राह्यले?" त्याने मोटरसायकलची बॅटरी आणली, चार्जर जोडला, करंट उलटा फिरू नये म्हणून मध्ये डायोड टाकला. मग लाइन काढून पाहिली, तर पेटीचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

पण बॅटरी दिसताच केंद्राचा बाबू उत्तमसिंग मोबाइलचा चार्जर घेऊन आला, मागून आणखी आठ जण. जमीरने पेटी-बॅटरी सगळं लोखंडी खोक्यात कोंबलं, आकडे दिसण्यापुरती फट ठेवली, वर कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकून बोरी अरबला पंप दुरुस्तीला निघून गेला.

बेचाळीस गाड्या मोजून झाल्या आणि लाइन गेली. पेटीने ऐटीत लाल आकड्यांत त्रेचाळीस दाखवले. त्रेचाळीस म्हणजे नानाजी. त्यांनी गाडी काट्यावर चढवली, पण काटा लाइनीवरचा, तो मेलेला. काट्याचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. पाच मिनिटांत वजन आलं नाही तर गाडी गैरहजर, असं पेटीला शिकवलेलं. तिने चव्वेचाळीस दाखवले.

"बाबूजी, मी काट्यावरच उभा हावो."

"मले दिसून राह्यलं, नानाजी. पेटीले दिसत नाही ना."

खोकं फोडा, असं सगळेच म्हणत होते. पण सरकारी पेटीवरचं कुलूप फोडायला हात कोणाचा उठेना. तीन तासांत छत्तीस गाड्या गैरहजर झाल्या. मग पेटीने रांग संपल्याचं जाहीर केलं आणि उत्तमसिंगने नेमाप्रमाणे ते फोनवर वर कळवलं. साधा तराजू मागणाऱ्या पत्रांना वर्षभर उत्तर न देणारं वरचं ऑफिस! त्याचा हुकूम तासाभरात आला. शेतकरी कापूस आणत नसल्यामुळे केंद्र उद्यापासून बंद. उत्तमसिंगने तो फाटकावर चिकटवला. फाटकापासून बसस्टँडपर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

संध्याकाळी जमीर परतला, तेव्हा नानाजी त्या कागदाखालीच बसले होते. जमीरला भलतीच काळजी लागली.

"नानाजी, बॅटरी तर नाही ना बसली?"

"नाही बाप्पा," नानाजी म्हणाले, "तेवढीच चालू हाये."