उतरण्याचा रकाना

टेपसाहेबांनी आयुष्यात एकही वस्तू न मोजता घेतली नव्हती. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून सव्वीस वर्षं लोकांचे तराजू तपासल्यावर माणसाचा जगावरचा विश्वास उडतो आणि जो काही थोडा उरतो तो मोजपट्टीवर. खिशात रुमाल नसला तरी त्यांचं चाले, पण टेप हवीच. ऑफिसात त्यांना टेपसाहेब म्हणत ते त्यामुळेच. त्यांनी उशी मोजून घेतली होती, छत्री मोजून घेतली होती, आणि दाताच्या डॉक्टरकडची खुर्ची मोजल्याशिवाय ते तिच्यावर बसले नव्हते. डॉक्टरांनी 'आ करा' म्हटल्यावर 'किती?' असं विचारणारा तो पहिलाच पेशंट.

असा हा गृहस्थ एक्कावन्नाव्या वर्षी स्पोर्टी गाडीच्या प्रेमात पडला.

गाडी लहान होती. लाल होती. सेकंडहँड होती. मागे छताच्या कडेवर तिला एक काळा पंख होता आणि सायलेन्सर असा होता की, त्याला सायलेन्सर म्हणणं ही शुद्ध थट्टा होती. विकणारा व्यायामशाळेतला प्रशिक्षक. घरात जुळं झालं म्हणून नाइलाजाने विकत होता. किल्ली देताना तो हुंदके देऊन रडला. गाडीमुळे की जुळ्यामुळे, ते कळलं नाही.

"रोजच्या वापराला उत्तम," टेपसाहेबांनी घरी जाहीर केलं. "ऑफिस, भाजी, दळण, सगळं हिच्यातून."

"आणि तो पाठीवरचा पंख कशाला?" बायकोने विचारलं.

"त्याला स्पॉयलर म्हणतात. वेगात गाडी जमिनीला चिकटून राहते त्याने."

"दळण आणताना?"

टेपसाहेबांनी टायरचा व्यास सांगितला.

बायको शहाणी होती. तिने भांडण केलं नाही, अट घातली. "हे बघा, माझे बाबा या गाडीत आरामात बसले पाहिजेत. आठवडाभराची मुदत देते. नाही जमलं, तर गाडी ज्याची त्याला परत. जुळ्यांना घेऊन फिरू दे त्याला."

आता बाबा म्हणजे साधी वस्तू नव्हती. सासरेबुवा अग्निशमन दलातून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. वय शहात्तर, उंची सहा फूट, वजन एकशे दोन किलो, उजवा गुडघा बदललेला. मिशा इतक्या भरघोस की, एखादी ठिणगी उडाली असती तर दलाला बोलवावं लागलं असतं. खिशात कायम स्टॉपवॉच. घरात चहा आला तरी ते वेळ लावत. "दोन मिनिटं चाळीस! तोवर मजला जळून गेला असता!"

त्यांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: किरकोळ कामासाठी दलाला बोलवायचं नाही. एकदा एका बाईंनी कपाटाची किल्ली कपाटातच राहिली म्हणून बंब बोलावला. सासरेबुवांनी शिडी लावून, खिडकीतून आत शिरून, त्या बाईंना पाऊण तास व्याख्यान दिलं आणि आल्या वाटेने परत गेले. कपाट तसंच राहिलं.

टेपसाहेब कामाला लागले. सासरेबुवा पेपर वाचत बसलेले असताना त्यांनी त्यांना गुडघ्यापासून कमरेपर्यंत मोजलं, कमरेपासून टाळूपर्यंत मोजलं, खांद्यांची रुंदी घेतली.

"जावईबुवा, पेटी करायला टाकलीय का माझी?" सासरेबुवांनी पेपरामागून विचारलं.

"गाडीसाठी हो, बाबा. जरा श्वास सोडता का? पोटाचं माप दोन्ही स्थितींत लागेल."

मग गाडी मोजली. दाराची रुंदी, सीटची खोली, छताची उंची. एकोणीस रकान्यांचा तक्ता झाला. सीट जमिनीपासून जेमतेम सव्वा फुटावर होती, पण डोकं छताला लागत नव्हतं, खांदे मावत होते, पोट श्वास घेतलेल्या स्थितीतही पट्ट्यात बसत होतं. एकोणिसाव्या रकान्यात टेपसाहेबांनी लाल शाईने लिहिलं: 'योग्य'. तक्ता फ्रिजवर चिकटवला. बायकोने वाचला आणि नाइलाजाने मान डोलावली.

आणि त्याच रविवारी योग जुळून आला. सासरेबुवांच्या जुन्या केंद्राचा वर्धापनदिन होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलं होतं.

"तुमच्या त्या लाल गाडीतूनच जाऊ," सासरेबुवा कडक इस्त्रीचा जुना गणवेश घालून बाहेर आले. "बघू तर खरं."

त्यांनी गाडीकडे पाठ केली, दाराची चौकट धरली आणि खाली बसायला लागले. बसता बसता शेवटचं वीतभर अंतर त्यांनी पार केलं नाही. ते आपोआप पार झालं. गाडीने एक उसासा टाकला. मऊ खोलगट सीटने त्यांना दोन्ही बाजूंनी कवेत घेतलं आणि गुडघे छातीशी आले.

"चार सेकंद!" स्टॉपवॉच बघून ते म्हणाले. "छान बसलो!"

टेपसाहेबांनी बायकोकडे असं पाहिलं की, तिने पदक आणायला आत जावं.

केंद्राच्या फाटकावरच्या जवानाने सायलेन्सर ऐकून आधी कान झाकले आणि गाडी बघून हात उंचावले. "लाल, लहान, जुनी! आलात एकदाचे! मैदानात चुन्याचं वर्तुळ आखलंय बघा. बरोब्बर मधोमध लावा."

टेपसाहेबांना भरून आलं. "बाबा, आपल्यासाठी खास वर्तुळ आखलंय!"

"मान राखतात अजून," सासरेबुवांनी मिशीवरून हात फिरवला.

मैदानाभोवती खुर्च्यांवर दोनएकशे माणसं होती, एका बाजूला चाळीस जवान रांगेत. टेपसाहेबांनी गाडी वर्तुळात लावली, उतरून चारी बाजूंनी टेप लावली, आठ सेंटिमीटर मागे घेतली आणि मग अदबीने सासऱ्यांचं दार उघडलं.

सासरेबुवा उठले. म्हणजे उठण्याचा विचार करून त्यांनी मिशी पुढे आणली. बाकी काही पुढे आलं नाही.

"एक पाय आधी बाहेर काढा, बाबा."

"पाय काढलाय. मी मागे राहिलोय."

दुसऱ्यांदा त्यांनी चौकट धरून जोर लावला. गाडी हलली, ते हलले नाहीत. तिसऱ्यांदा टेपसाहेबांनी दोन्ही हात धरून ओढलं. त्यात टेपसाहेब तेवढे आत गेले.

आणि त्या क्षणी, सासऱ्यांच्या मांडीवर आडव्या पडलेल्या टेपसाहेबांच्या डोळ्यांसमोर फ्रिजवरचा तक्ता उभा राहिला. एकोणीस रकाने. सगळे बसण्याचे. उतरण्याचा एकही नाही.

"जावईबुवा," सासरेबुवा दबक्या आवाजात म्हणाले, "कुणाला कळता कामा नये. तीस वर्षं मी लोकांना बाहेर काढलंय. आज माझ्याच पोरांनी मला चिमट्यात धरून बाहेर काढलं, तर मी पुन्हा या फाटकातून आत येणार नाही."

"नाही कळणार, बाबा. कार्यक्रम संपेपर्यंत आपण इथेच बसू. आपलं भाषण इथूनच..."

एवढ्यात हातात माइक घेऊन सध्याचे केंद्रप्रमुख लगबगीने आले, तसे टेपसाहेब पालथेच मागे सरकत बाहेर निघाले. वाकून आत पाहिलं आणि थक्क झाले.

"साहेब! तुम्ही स्वतः? अहो, आम्ही पुतळा बसवणार होतो!"

भानगड अशी होती. कार्यक्रमात एक प्रात्यक्षिक होतं: अपघातग्रस्त गाडी कापून आत अडकलेल्या माणसाची सुटका. त्यासाठी भंगारवाला दहा वाजता एक लाल, लहान, जुनी गाडी पाठवणार होता. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

सासरेबुवांना सारं क्षणात उमगलं. उभी हयात त्यात गेली होती त्यांची. एक शब्द, 'नाही', एवढा उच्चारला असता तर गाडी वाचली असती. पण मग दुसरा प्रश्न आला असता: मग उतरत का नाही? त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. चाळीस जवानांकडे पाहिलं. जावयाकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

"पुतळ्याला काय कळतंय?" ते गरजले. "जिवंत माणूस हवा! करा सुरू!" आणि त्यांनी स्टॉपवॉच काढलं.

टेपसाहेबांना पुढचं जरा उशिरा उमगलं. सासऱ्यांच्या डोक्यावर कुणीतरी हेल्मेट चढवलं, अंगावर घोंगडी घातली, आणि चार जवान खेकड्याच्या नांगीसारखं एक अवजड यंत्र घेऊन आले, तेव्हा.

"अहो, थांबा! ही माझी गाडी आहे!"

केंद्रप्रमुखांनी माइक तोंडाशी धरला. "मंडळी, अपघाताच्या जागी नातेवाईक असाच आरडाओरडा करतात. आपले जवान त्यांना किती मायेने हाताळतात, ते पाहा."

दोघा जवानांनी टेपसाहेबांना मायेने धरलं. "काका, शांत व्हा. दीर्घ श्वास घ्या."

"शांतच आहे मी! कापू नका तिला! मोजून घेतलीय हो मी!"

"नातेवाईक असंबद्ध बोलू लागतात," माइकने समजावलं. "त्यांच्याशी वाद घालू नये."

"कागद आहेत माझ्याकडे! खिशात!"

"हातवारे वाढल्यास हात धरावेत."

हात धरले. खांद्यावर घोंगडी टाकली. पाण्याचा पेला तोंडाला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "किती खरं वाटतंय, नाही?"

"बाबा! अहो, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

बाबांनी जखमी माणसाला शोभेल असे डोळे मिटले होते. त्यांनी एक डोळा उघडला, घड्याळ पाहिलं आणि परत मिटला.

काच गेली. दारं गेली. मग त्या नांगीने छताचे खांब काड्यांसारखे तोडले आणि सहा जवानांनी छत डब्याच्या झाकणासारखं उचलून बाजूला ठेवलं, पंखासकट! आणखी सहा जणांनी सासरेबुवांना सरळ वर उचललं आणि मैदानात उभं केलं.

"चार मिनिटं बारा सेकंद!" सासरेबुवांनी स्टॉपवॉच उंचावलं. "माझ्या काळात पाच चाळीस लागायची! शाबास रे माझ्या पोरांनो!"

टाळ्यांनी मैदान दणाणलं. त्या भरात केंद्रप्रमुखांनी उत्कृष्ट अभिनयाचं प्रशस्तिपत्र ऐनवेळी लिहून काढलं आणि ते प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते टेपसाहेबांना देण्यात आलं. सासरेबुवांनी हात मिळवला. फोटो निघाला. फोटोत टेपसाहेबांच्या खांद्यावर घोंगडी आहे आणि चेहऱ्यावर अभिनय.

नेमकं तेव्हा फाटकातून दुसरी एक लाल गाडी खोकत खोकत आत आली. रंग उडालेली, उंच, चौकोनी, दोनच दारांची, पत्र्याच्या कपाटाला चाकं लावावीत तशी. चालवणाऱ्याने खिडकीतून हात बाहेर घालून बाहेरून दार उघडलं आणि उतरला. भंगारवाला.

"माफ करा साहेब, वाटेत दोनदा बंद पडली. कापायला घेताय ना?"

केंद्रप्रमुखांनी या गाडीकडे पाहिलं. त्या गाडीकडे पाहिलं. मग घोंगडीतल्या टेपसाहेबांकडे पाहिलं. टेपसाहेबांनी खिशातून कागद काढून पुढे धरला. केंद्रप्रमुख मटकन खुर्चीत बसले. ते दोन जवान लगेच त्यांच्याकडे धावले. "साहेब, शांत व्हा. दीर्घ श्वास घ्या."

अखेर असं ठरलं की, भरपाईचा अर्ज तीन प्रतींत द्यायचा, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत भंगारवाल्याची ही गाडी रोजच्या वापराला न्यायची. निर्णय लवकरच होईल, असं केंद्रप्रमुख जमिनीकडे बघत म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीच तेवढी सतत बोलत होती.

"मी एक शब्द बोललो असतो, तर तुमची गाडी वाचली असती," सासरेबुवा शेवटी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"आधी लाज वाटली म्हणून. मग बोलणार होतो, देवाशपथ. पण तोवर तीन मिनिटं झाली होती हो, आणि पोरं खांबापर्यंत पोचली होती." त्यांनी स्टॉपवॉचवर अंगठा फिरवला. "अशा वेळी कुणी मध्ये बोलतं का?"

टेपसाहेबांना यावर रागवायचं होतं. पण म्हातारा इतका खुशीत होता की, राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. रस्त्यावरची धूळ येत होती म्हणून त्यांनी खिडकीची काच तेवढी वर चढवली.

बायको घराच्या फाटकाशीच उभी होती. गाडी थांबली. सासरेबुवांनी दार उघडलं, एक पाय जमिनीवर ठेवला आणि खुर्चीतून उठावं तसे सहज उभे राहिले.

"तीन सेकंद!" त्यांनी आनंदाने दार असं आपटलं की, गाडी एका बाजूला कलली.

"आणि ती लाल?" बायको बघतच राहिली.

"उतरायला अडचणीची होती. जावईबुवांनी बदलून आणली."

बायकोने नवऱ्याकडे जितक्या कौतुकाने पाहिलं, तितकं तिने लग्नानंतर दोनदाच पाहिलं होतं. त्या नजरेनेच टेपसाहेब हलके झाले. जाऊ दे, आता आत जायचं आणि तक्त्यात विसावा रकाना आखायचा: 'उतरणे'. त्यांनी ऐटीत दाराची कडी ओढली.

दार उघडलं नाही. आतून ते उघडतच नव्हतं. त्यांनी काच खाली करायला घेतली. तिचा दांडा हातात आला. बायकोने बाहेरून कडी ओढली, तर ती कडी तिच्या हातात आली. ते पलीकडे सरकले. सासरेबुवांनी आपटलेलं दार चौकटीत असं रुतलं होतं की, बाहेरून बायकोने ओढलं तरी हलेना.

"बाबा," ती म्हणाली, "दलाला फोन करू का?"

"छे!" सासरेबुवांनी स्टॉपवॉच सुरू केलं आणि चहा प्यायला आत निघाले. "किरकोळ कामासाठी दलाला बोलवायचं नाही."